पाऊण फेरा

मनुष्याच्या हातून घडणाऱ्या प्रमादांपैकीं निम्मे आळसापोटीं घडतात आणि उरलेले निम्मे फाजील काळजीपोटीं, असें आमचें फार दिवसांचें मत आहे. पहिल्या प्रकारच्या प्रमादांचा निषेध करणारीं पुस्तकें आमच्या कपाटांत पुष्कळ आहेत; दुसऱ्या प्रकाराला मात्र 'दक्षता' हें गोंडस नांव मिळालें असल्यामुळें त्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाहीं. आम्हीही गेलों नसतों. परंतु २०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर एका मोटारसायकलीच्या तेलाच्या गाळणीनें आम्हांला ह्या विषयाचा असा कांहीं पाठ दिला कीं, तो वाचकांना सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

आरंभींच एक कबुली दिलेली बरी. आम्ही अमरावतीच्या एका महाविद्यालयांत गेलीं सत्तावीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों. विद्यार्थ्यांचे निबंध तपासणें हाच काय तो आमच्या हातांचा व्यायाम. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ सालापासूनची नामांकित संस्था ज्या शहरांत आहे, त्या शहरांत राहून आम्हीं आपल्या मनगटांना तांबड्या शाईच्या लेखणीपलीकडे कसलेंही ओझें उचलावयास लाविलें नाहीं, ही गोष्ट भूषणाची नव्हे. पण ती खरी आहे. आमच्या पिढीच्या शिकलेल्या गृहस्थाला यंत्राचा उपयोग हवा असतो, ओळख मात्र नको असते. पंखा बंद पडला तर हांक मारावयाची, नळ गळूं लागला तर हांक मारावयाची, आणि हांकेला ओ देणारा मनुष्य उशीरां आला तर देशाच्या भवितव्याविषयीं चिंता व्यक्त करावयाची, एवढाच आमचा यंत्रांशीं संबंध.

ही मोटारसायकल आमची नव्हे, आमच्या मुलाची. दोन सिलिंडरांची, साडेसहाशें सी.सी.ची, वजनानें दोनशें किलोंहून अधिक भरणारी ही गाडी त्यानें २०१९ सालीं पुण्याच्या नोकरींतील पहिल्या बचतीवर घेतली. २०२० मध्यें महासाथ आली, टाळेबंदी झाली, कचेऱ्या लोकांच्या घरांत शिरल्या आणि मुलगा गाडीसह अमरावतीस येऊन राहिला. वर्षभरानें परत जातांना त्यानें गाडी येथेंच ठेविली. जातेवेळीं इतकेंच म्हणाला, "बाबा, आठवड्यांतून एकदां तरी चालवत जा. उभी राहिली कीं खराब होते." ती तो कां ठेवून गेला, हें आम्हीं विचारलें नाहीं; कारण तें आम्हांला ठाऊक होतें. ज्या प्रश्नाचें उत्तर ठाऊक असून अवघड वाटतें तो प्रश्न न विचारणें, यालाच आम्ही त्या वेळीं सभ्यता समजत होतों. असो. दर रविवारीं आम्ही ती गाडी वडाळीच्या तलावापर्यंत नेऊन आणीत असूं. २०२२ च्या उन्हाळ्यांत तिचें तेल व गाळणी एकदां बदललीं होतीं. त्यानंतर दोन वर्षें तिकडे कोणीं पाहिलें नाहीं. दिवाळीला मुलगा येणार, तेव्हां गाडी आपल्या हातानें तयार करून ठेवावी, अशी उमेद आम्हांला आली आणि तेथेंच सारें गाडें अडलें.

तेलाची गाळणी म्हणजे काय, तें आमच्यासारख्याच अनभिज्ञ वाचकांसाठीं थोडक्यांत सांगतों. एंजिनाच्या पोटांतील तेल धातूवर धातु घासूं देत नाहीं, उष्णता वाहून नेतें, आणि झिजलेल्या धातूचा कीस, जळलेल्या इंधनाची काजळी, वाटेवरची बारीक धूळ हें सारें आपल्या अंगावर घेतें. हा मळ तेलाबरोबर तसाच फिरत राहिला तर तेलच कानशीचें काम करूं लागेल. म्हणून पंपानें उचललेलें तेल आधीं गाळणींतून जातें आणि मग नाजूक भागांकडे जातें. गाळणी दिसावयास अगदीं साधी: मुठींत मावेलसा पत्र्याचा डबा आणि आंत घड्या घातलेला कागद. बुडाशीं असलेल्या लहान लहान भोकांतून मळकट तेल आंत शिरतें, कागदांतून झिरपतें आणि मधल्या मोठ्या भोकांतून स्वच्छ होऊन एंजिनांत परततें. कागद मळानें तुंबला तर स्प्रिंगची एक झडप आपण होऊन उघडते व तेल न गाळतांच पुढें सोडते. कारण मळकट तेल वाईट, पण तेलच नसणें त्याहून वाईट, एवढें तारतम्य त्या पत्र्याच्या डब्याला आहे. मधल्या भोकाला आटे असतात. एंजिनावर तशाच आट्यांची एक पोकळ खुंटी असते. तिच्यावर डबा फिरवून बसवावयाचा. डब्याच्या कांठाशीं रबराचें एक कडें असतें. तेल बाहेर न येऊं देण्याचें सारें काम त्या कड्याचें. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. आम्हीं ती ठेविली नाहीं, म्हणून हा लेख.

मोटारीला पूर्वीं असली गाळणी नव्हती. १९२३ सालीं अमेरिकेंत अर्नेस्ट स्वीटलंड ह्या संशोधकानें ती तयार केली. 'प्युअर ऑईल लेटर' हे तीन शब्द एकमेकांत दाबून 'प्युरोलेटर' हें तिचें नांव पडलें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं आमच्या अमरावतींत किंग एडवर्ड कॉलेज उघडलें. तीच आजची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था. एकाच सालीं जन्मलेल्या ह्या दोन गाळण्यांपैकीं कोणती अधिक बारीक गाळते, ह्या वादांत आम्ही पडत नाहीं. हातानें फिरवून बसवावयाचा आणि काम संपतांच टाकून द्यावयाचा सुटा डबा मात्र १९५० नंतरच्या दशकांतला. आपल्या रस्त्यांवरील पुष्कळशा लहान मोटारसायकलींना असा डबा नसतोच. त्यांत तारेची एक जाळी आणि गरगर फिरून मळ कडेला फेंकणारी एक चकती एवढ्यावर भागतें. मोठ्या गाडीला मोठी गाळणी आली, आणि तिच्याबरोबर तिची अडचणही आली.

पहिल्या दिवशीं आम्हीं पुस्तिका समोर ठेवून एंजिनाच्या तळाचा बोल्ट काढला व जुनें तेल परातींत सोडलें. तें डांबरासारखें काळें होतें. मग पुढच्या चाकाच्या मागें, एंजिनाच्या नाकावर बसलेल्या गाळणीला हात घातला. ती हालेना. हात तेलकट म्हणून साबणानें धुतले, डबा पुसला, पुन्हा जोर लाविला, हालेना. दुसऱ्या दिवशीं डब्याभोंवतीं पॉलिश-पेपर गुंडाळून पाहिला, मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळून पाहिली. आमचें मनगट फिरलें, डबा फिरला नाहीं. तिसऱ्या दिवशीं शेजारचे निवृत्त अभियंते आपला साखळीचा पाना घेऊन आले. त्यांनीं आयुष्यभर पूल बांधलेले. त्यांच्या पान्याखालीं डबा कागदी द्रोणासारखा चेपला, पण सुटला नाहीं. जातांना त्यांनीं एक अखेरचा उपाय सांगितला: डब्यांतून पेचकस आरपार ठोकावा आणि त्याचा दांडा करून फिरवावें.

चौथ्या दिवशीं आम्हीं तोही केला. पेचकस आरपार गेला. त्याबरोबर आंत उरलेलें काळें तेल आमच्या बाहींतून थेट काखेपर्यंत पोंचलें. आम्हीं डोळे मिटून जोर केला. कांहीं तरी फिरल्याचा भास झाला. आनंदानें डोळे उघडतों तों डबा फिरला नसून फाटला आहे! पेचकसानें पत्रा अर्धवर्तुळांत चिरीत नेला होता, आणि बुडाची जाड चकती मात्र एंजिनाला पूर्ववत् चिकटून होती. आतां धरावयास डबाही उरला नाहीं. गाडींत तेल नाहीं, म्हणून ती चालवीत कोठें न्यावी तर तेंही शक्य नाहीं. गांवांतल्या दोघां कारागिरांनीं येऊन पाहिलें, मान हालविली आणि "एंजिनाले लागलं तं आमच्यावर येईन" असें म्हणून ते निघून गेले. तेलाचा काळा ओघळ नेमका सड्याच्या जागेवर पसरला होता. सौभाग्यवतींनीं तो पाहिला, आम्हांला पाहिलें, आणि शांतपणें म्हणाल्या, "अकोल्याला न्या."

अकोला हें आमच्या सौभाग्यवतींचें माहेर. विवाहानंतर आजपर्यंत आमच्या घरांत अकोल्याचे वैद्य, अकोल्याचे शिंपी, अकोल्याचीं संत्रीं, इतकेंच काय पण अकोल्याचें ऊनही अमरावतीहून सरस ठरलेलें आहे. तेव्हां मिस्त्रीही अकोल्याचेच सरस असणार, हें ओघानें आलें. आमच्या शालकांनीं दूरध्वनीवर सांगितलें, "भाऊजी, आमच्या इथले मिस्त्री पाहतील. गाडी फक्त आणा." मग ज्याला आपल्याकडे 'छोटा हत्ती' म्हणतात त्या मालवाहू टेम्पोंत ती दोन सिलिंडरांची गाडी दोरखंडांनीं बांधली, आणि तिचे मुतालिक म्हणून आम्ही चालकाशेजारीं बसलों.

अमरावतीहून अकोला शंभर किलोमीटरांच्या आसपास. बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, बोरगांव मंजू अशीं ओळखीचीं गांवें जातात. ह्याच राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर ३ ते ७ जून २०२२ ह्या पांच दिवसांत ७२० माणसांनीं रात्रंदिवस खपून १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचें डांबरीकरण केलें, आणि त्याची नोंद गिनेस विश्वविक्रमांत झाली. आमच्या चालकाला हे आंकडे तोंडपाठ होते. तो ते अभिमानानें सांगत असतां आम्ही मनांतल्या मनांत हिशेब करीत होतों: १०५ तासांत ७५ किलोमीटर रस्ता, आणि आमच्या हातून ९६ तासांत एक गाळणी सूतभरही फिरली नव्हती.

मूर्तिजापूर आलें. येथूनच यवतमाळला व अचलपूरला जाणारी अरुंद रुळांची 'शकुंतला' निघत असे. आतां गेलीं कांहीं वर्षें ती धांवत नाहीं. १९२१ सालीं मँचेस्टरला बनलेलें तिचें वाफेचें एंजिन १९९४ पर्यंत कामावर होतें. तें ज्यांनीं सत्तर वर्षें चालतें ठेविलें, त्यांनीं त्याचे किती नट किती वेळां सोडले आणि किती वेळां आवळले असतील! ह्याच तालुक्यांतील दापुरें हें गाडगेबाबांचें आजोळ; त्यांचें बालपण तेथेंच गेलें. दिवसां हातांत खराटा घेऊन गांव झाडावें आणि रात्रीं कीर्तनांत माणसांचीं मनें झाडावीं, हा त्यांचा क्रम होता. ज्या विद्यापीठाला त्यांचें नांव दिलें आहे त्याच्याच परीक्षांच्या उत्तरपत्रिका आम्ही तपासतों. पण मळ कसा काढावा, ह्या विषयांत आपण चार दिवसांत पार नापास झालों, हा विचार तेथें आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

मिस्त्रींची जागा अकोल्याच्या जुन्या शहरांत, मोर्णा नदीच्या पलीकडे. एक लिंबाचें झाड, त्याखालीं दोन फळ्या, खुंट्यांवर ओळीनें लाविलेले पाने, आणि पुसण्यासाठीं जिनिंगमधून आणलेल्या टाकाऊ रुईचें एक पोतें. मिस्त्री साठीच्या पुढचे. तरुणपणीं जिनिंगच्या कारखान्यांत फिटर होते, असें शालकांनीं सांगितलें. त्यांनीं गाडीकडे पाहिलें, फाटलेल्या डब्याकडे पाहिलें, बोटानें बुडाच्या चकतीची कड चांचपली, आणि हत्याराला हात न लावतां विचारलें, "कोणं कसलं हे?"

"मागच्या खेपेला घरींच बदललें होतें," आम्ही म्हणालों.

"घरीं म्हंजे कोणं, सर?"

आतां लपविण्यांत अर्थ नव्हता. २०२२ च्या उन्हाळ्यांत, सुट्टीचे दिवस असतां, ही गाळणी आम्हींच बसविली होती. ती हातानें नीट बसली होती. पण रात्रीं अंथरुणावर पडल्यावर आमच्या मनांत आलें, ती सैल तर राहिली नसेल? वाटेंत तेल गळून गेलें तर? मुलाची गाडी आपल्या हातून बिघडली तर? उठलों, दिवा लाविला, बाजारांतून आणलेला पट्ट्याचा पाना काढला, आणि अंगांतील होतें तेवढें बळ खर्चून गाळणी आणखी आवळली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हा आवळली. तेलाचा थेंब गळला नाहीं. दोन वर्षें आम्ही स्वतःवर खूष होतों.

"पान्यानं कसलं?" मिस्त्रींनीं विचारलें.

"हो."

"कायले?"

तीन अक्षरांचा प्रश्न. सत्तावीस वर्षें आम्ही विद्यार्थ्यांना लांबलचक प्रश्न घालीत आलों. इतका आंखूड आणि इतका अवघड प्रश्न आम्हांला कधीं काढतां आला नाहीं. शेवटीं आम्हीं खरें तें सांगितलें, "गळेल अशी भीति वाटली."

मिस्त्री हंसले नाहींत. त्यांनीं नव्या गाळणीचा खोका उघडून डबा आमच्या हातीं दिला. त्याच्या अंगावर एका हाताचें चित्र होतें आणि शेजारीं आंकडा होता: तीन चतुर्थांश. "भेवानं कसलं तं असंच होते, सर," ते म्हणाले. "हे हातानं कसाची चीज व्हय. कडं एंजिनाले टेकलं, का तेथून पाऊण फेरा. बस. तेल अडवाचं काम रबराचं हाय. त्याले त्याचं काम करू द्या न."

ज्या गृहस्थाचा सारा जन्म 'मूळ संहितेंत जें आहे तेंच वाचा, पदरचें घालूं नका' असें विद्यार्थ्यांना बजावण्यांत गेला, त्यानें डब्याच्या अंगावर छापलेली एवढीशी संहिता वाचून तिच्यावर आपलें भाष्य चढविलें होतें! मागच्या डब्यावरही तेंच चित्र असलें पाहिजे. आम्हीं तें पाहिलेंही असेल. पण पाना हातांत असला म्हणजे हाताचें चित्र दिसत नाहीं.

रबराला जरूरीपेक्षां अधिक दाबलें म्हणजे तें पसरतें. एंजिनाच्या उष्णतेनें शेंकडों वेळां तापून-निवून टणक होतें. त्याची लवचिकता जाते आणि तें धातूला डिंकासारखें चिकटतें. कड्याला बसवितांना तेलाचें बोट लाविलेलें नसेल तर पाहावयासच नको. हें सगळें मिस्त्रींनीं कामावर बसतां बसतां सांगितलें. त्यांनीं प्रथम फाटक्या पत्र्याचे तुकडे चिमट्यानें काढले. उकळत्या पाण्यांत भिजवून पिळलेलें फडकें चकतीवर दोनदां गुंडाळून धरलें. मग एंजिनाच्या गुळगुळीत बैठकीला ओरखडा पडूं नये म्हणून कडेखालीं पितळेची पातळ पट्टी सरकविली, बोटाएवढी छिन्नी चकतीच्या दुमडीवर तिरकी टेंकविली, आणि लहान हातोडीनें टिचकी मारल्यासारखा ठोका दिला. एक येथें, एक तेथें, एक समोरच्या बाजूस. आम्ही चार दिवस ज्या बळानें लढलों त्याच्या दहाव्या हिश्श्याचेंही बळ त्यांत नव्हतें. तीन ठोके, मग थांबणें, कान लावणें, पुन्हा तीन ठोके. वीसएक मिनिटें अशीं गेलीं. आमचा धीर सुटत चालला होता, तोंच 'कट्' असा अगदीं बारीक आवाज झाला. मिस्त्रींनीं छिन्नी खालीं ठेविली आणि चकती दोन बोटांनीं फिरवून काढली.

आम्हीं सुटकेचा श्वास सोडला. पण काम संपलें नव्हतें. जुनें रबरी कडें एंजिनालाच चिकटून राहिलें होतें, काळ्यावर काळें, आम्हांला दिसलेंही नसतें. मिस्त्रींनीं तें नखानें हळूहळू सोलून काढलें. "हे ठेवून नवं बसवलं तं दोन रबरं होतात," ते म्हणाले, "मंग कितीबी कसा, धार लागतेच." बैठक रुईनें पुसून त्यांनीं तिच्यावर बोट फिरविलें, नव्या कड्याला स्वच्छ तेलाचें बोट लाविलें, आणि उठून बाजूला झाले. "आतां तुम्ही बसवा, सर."

आम्हीं बसविलें. कडें टेंकलें तें बोटांना कळलें. पाव फेरा, अर्धा फेरा, पाऊण फेरा. तेथें हात थांबविणें हें त्या दिवसांतलें सर्वांत अवघड काम होतें. मनगटाला आणखी फिरण्याची इतकी संवय जडली होती कीं, मिस्त्रींनीं आमच्या हातावर हात ठेविला तेव्हांच तें थांबलें. नवें तेल भरलें, एंजिन चालू केलें, पांच मिनिटें आम्ही डोळ्यांत तेल घालून डब्याची कड पाहात बसलों. एक थेंब आला नाहीं. मिस्त्रींनीं रंगाच्या लेखणीनें डब्यावर तारीख लिहिली.

परततांना आम्हीच गाडी चालविली. मूर्तिजापूर मागें पडलें, ऊन कललें, दोहों बाजूंस वेंचणीला आलेली कपाशी पांढरी दिसूं लागली, आणि मुलानें गाडी कां ठेवून दिली, हा इतकीं वर्षें न विचारलेला प्रश्न आमच्या पुढें येऊन उभा राहिला.

२०२१ सालीं, एका रात्रीं जेवणें झाल्यावर, मुलानें एक विचार बोलून दाखविला होता. नोकरी सोडावी, अकोल्यास मामांच्या मोकळ्या जागेंत मोटारसायकली दुरुस्त करण्याचें लहानसें दुकान काढावें, हातानें काम करावें. तो बोलत होता तों त्याचे डोळे चमकत होते. आम्हीं त्याला उत्तर दिलें. उत्तर कसलें, पाना लाविला. प्रथम खर्चाचा हिशेब मांडला. मग त्याच्या शिक्षणावर लागलेलीं वर्षें काढलीं. मग समाज काय म्हणेल तें सांगितलें. मग त्याच्या आईची प्रकृति पुढें केली. एक युक्तिवाद पुरला नसता असें नाहीं, पण सैल राहील कीं काय, ह्या भीतीनें आम्ही आवळीत गेलों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं पुन्हा आवळलें. मुलानें वाद घातला नाहीं. महिन्याभरानें तो पुण्यास गेला आणि गाडी अंगणांत राहिली. त्यानंतर तो दर रविवारीं दूरध्वनि करी. प्रकृति विचारी, पावसाचें विचारी. कधीं आवाज चढविला नाहीं. कोठें थेंबभरही गळलें नाहीं. आम्ही त्यालाच समंजसपणा समजून समाधान मानीत होतों.

न गळणें हें नीट बसल्याचें लक्षण आहे, अशी आमची समजूत होती. तें अर्धेंच खरें. गाळणी बसवावयाची ती पुढें एके दिवशीं काढतां यावी अशीच बसवावयाची असते. कारण मळ सांठणारच, आणि तो मनुष्यांच्या संबंधांत सांठत नाहीं असें थोडेंच आहे? जी वस्तु कधीं सुटूंच शकत नाहीं ती सुरक्षित नसून आंतून तुंबत असते. आणि बाहेरून पाहणाराला त्यांतलें कांहींच दिसत नाहीं. आम्हीं ह्या तीन वर्षांत मुलाच्या मनांत काय सांठलें असेल तें एकदांही उघडून पाहिलें नव्हतें. आमच्यांत विश्वासाचें जें लवचिक कडें होतें, त्याला त्याचें काम करूं देण्याऐवजीं तें काम आम्हीं आपल्या मनगटाकडे घेतलें होतें.

येथें कोणी म्हणेल कीं, मग सैलच सोडावें काय? तसें नव्हे. सैल राहिलेल्या गाळणींतून एंजिनाचें तेल बघतां बघतां वाहून जातें आणि एंजिन जाम होतें, हेंही मिस्त्रींनीं बजावलें होतें. पाऊण फेरा हवाच. अडचण एवढीच कीं, डब्याच्या अंगावर तो आंकडा छापलेला असतो. मुलाच्या अंगावर तो कोणीं छापून ठेविलेला नाहीं. कडें टेंकलें तें आपल्या बोटांना कळलें पाहिजे, आणि पाना हातांत असला म्हणजे तें बोटांना कळत नाहीं.

दिवाळीला मुलगा आला. अंगणांत शिरतांच त्यानें गाडीकडे पाहिलें, वांकून गाळणीवरची तारीख वाचली, आणि विचारलें, "कोणीं बसवली?"

"आम्हीं," आम्ही म्हणालों. "हातानें. पाऊण फेरा."

त्यानें आमच्याकडे जरा निरखून पाहिलें. मग सौभाग्यवतींनीं त्याला चार दिवसांची सगळी हकीकत मीठमसाला लावून सांगितली, आणि तीन वर्षांत प्रथमच तो आमच्या घरांत पोट धरधरून हंसला.

भाऊबीजेला सौभाग्यवती अकोल्यास माहेरीं गेल्या एस.टी.नें, आणि मुलगा गेला मोटारसायकलीवर. तो संध्याकाळीं परतणार होता. दुसऱ्या दिवशीं दुपारीं परतला. आम्हीं मध्यें एकदांही दूरध्वनि केला नाहीं, ही आमची त्या दिवाळींतली कमाई. आला तेव्हां त्याच्या नखांत काळें तेल होतें. 'सणासुदीचा दिवसभर कोठें होतास?' हें वाक्य आमच्या ओठांवर तयार होतें. तें आम्हीं गिळलें, आणि विचारलें, "मिस्त्रींनीं काय दाखविलें?"

तो बोलावयास लागला तो दिवेलागणीपर्यंत बोलत होता. झडपा, चकत्या, जुन्या एंजिनांचे आवाज, मिस्त्री नुसत्या कानानें दोष कसा ओळखतात तें. त्यांतलें निम्मेंही आम्हांला कळलें नाहीं. दुकानाचा विषय त्यानें काढला नाहीं. आम्हींही काढला नाहीं. सुट्टी संपल्यावर तो पुण्यास गेला. पुढें काय करावयाचें तें त्याचें तो ठरवील. त्यानें विचारलें तर आम्ही आपलें मत सांगूं, आणि एकदांच सांगूं. दूरध्वनि आतांही रविवारींच येतो, पण पाऊसपाण्याच्या पुढें जातो. कधीं कधीं मतभेद होतो, आवाजही चढतो. सौभाग्यवती म्हणतात, "हें बरें आहे."

पट्ट्याचा पाना आम्हीं शेजारच्या अभियंत्यांना देऊन टाकला. गाळणीवर लिहिलेली तारीख दर रविवारीं दृष्टीस पडते. वर्ष भरलें म्हणजे ती पुन्हा काढावयाची आहे. ती हातानें सुटली तर आम्हीं कांहीं शिकलों असें म्हणतां येईल. तोंपर्यंत आमच्या ह्या विद्येचा निकाल राखून ठेवलेला बरा.